लाकडांखाली

ऑक्टोबर सरत आला की पोरं दारोदार लाकडं मागत फिरतात.
यॉर्कशरच्या या खोऱ्यात त्याला चंपिंग म्हणतात,
शब्द कुठून आला ते कुणी सांगत नाही.
मोडकी खुर्ची, खुराड्याचं दार,
मिसेस हेपवर्थचं, नवऱ्यामागे नकोसं झालेलं कपाट.
बंद गिरणीमागच्या माळावर ढीग चढत जातो
आणि म्हातारा विल्फ्रेड क्रॅबट्री राखणीला बसतो,
कारण पलीकडच्या गावची पोरं
चार तारखेच्या रात्री येऊन
आयता ढीग पेटवून पळतात.
एकोणसाठ साली यानंही पेटवला होता त्यांचा.
ते तो सांगत नाही.

माथ्यावर बाहुला. त्याला इथे ‘गाय’ म्हणतात.
मराठी कान दचकतो,
पण ते एका माणसाचं नाव आहे,
घासून घासून आता कुठल्याही माणसाचं झालेलं.
पेंढा भरलेली विजार, जुना कोट,
टिलीनं स्केचपेननं काढलेल्या मिशा, एक जराशी वर गेलेली.
पूर्वी पोरं याला हातगाडीत घालून पेनी मागायची.
आता पेनी कुणाच्या खिशातच नसते.

सोळाशे पाच. लंडन. पार्लमेंटखालचं तळघर.
सकाळी वर राजा येऊन बसणार,
आणि खाली सरपणाच्या मोळ्या,
मोळ्यांच्या आड छत्तीस पिंपं दारू,
पिण्याची नव्हे.
कंदील घेऊन माणसं उतरली, त्यांना सरपण दिसलं, परत गेली.
मध्यरात्री पुन्हा उतरली.
तिथे बूट चढवून, निघायच्या तयारीत एक जण.
नाव काय? जॉन, म्हणाला. जॉन्सन.
काही दिवसांनी खऱ्या नावाची सही दिली त्यानं.
हात असे पिळले होते
की अक्षरं कागदाला जेमतेम टेकली आहेत.

राजा वाचला म्हणून त्याच संध्याकाळी
लंडनकरांनी गल्लोगल्ली जाळ केले.
मग कायदा आला, दर साली आभार माना.
अडीचशे वर्षांनी कायदा गेला.
जाळ कुणाला सोडवेना.

आज पाच तारीख. चिखल, रबरी बूट,
डब्यात आठवडाभर मुरत ठेवलेलं पार्किन,
आल्याची, काकवीची, दाताला चिकटणारी वडी.
हॅलिफॅक्सहून आलेला आतषबाजीवाला
घड्याळ बघतोय.
विल्फ्रेड टॉर्च घेऊन गुडघ्यांवर बसतो
आणि ढिगाखाली उजेड टाकतो.
दर वर्षी टाकतो. दर वर्षी नुसती लाकडं.

यंदा कपाटाखाली काहीतरी श्वास घेतंय.

हेजहॉग. साळिंदराचा खुजा चुलतभाऊ म्हणावा असा,
पानांचं अंथरूण करून
हिवाळाभर झोपायच्या बेतात.
त्याला काढायचं तर कपाट हलवायला हवं,
कपाट हलवायचं तर वरचं सगळं.
‘एवढ्याशा जिवासाठी?’ कुणीतरी म्हणतं.
विल्फ्रेड उत्तर देत नाही, खुर्ची उपसतो.
मग दुसरा येतो. मग पलीकडच्या गावचे तिघे.

सगळ्यात आधी बाहुला खाली येतो.
ठेवायचा कुठे, सगळीकडे चिखल,
म्हणून मिसेस हेपवर्थ त्याला मांडीवर घेते
आणि कुणाचं लक्ष नाहीसं पाहून
कोटाचं वरचं बटण लावते.

‘हा कुठला होता?’ टिली विचारते.
‘यॉर्कचा.’
‘म्हणजे आपल्याकडचाच?’
‘हो. त्याची शाळा अजून आहे. तिथे याला जाळत नाहीत.’
‘मग आपण का?’
ती पार्किनचा तुकडा मोडून टिलीच्या हातावर ठेवते.

बादलीत बसून हेजहॉग कुंपणापलीकडे गेला.
साडेआठला ढीग पुन्हा उभा राहिला, आधीपेक्षा वाकडा.
बाहुला वर गेला.
आग लागली तेव्हा मिशा आधी गेल्या, मग कोट,
आणि सगळं गाव तोंड वर करून
हिरव्या, सोनेरी ठिणग्यांना ‘ओऽऽ’ म्हणत राहिलं.
विल्फ्रेड तेवढा कुंपणाकडे बघत होता.
प्रत्येक धमाक्याला त्याचे खांदे जरा आत जायचे.

सकाळी राख चाळताना
मिसेस हेपवर्थला कपाटाची पितळी मूठ सापडली.
अजून कोमट.
तिनं ती खिशात टाकली
आणि वरून हात ठेवून घरी गेली.